जिमवर सीपी जास्त, तरी हार: चुकीचा अटॅकर कसा शोधायचा

पोकेमॉन गो हा फोनवरचा गेम भारतात अधिकृतपणे आला १४ डिसेंबर २०१६ ला. तेव्हापासून मी खेळतोय. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा मी एकच गोष्ट सुधारून दिली आहे, ती म्हणजे अटॅकरची, म्हणजे लढायला पाठवायच्या पोकेमॉनची, निवड. सोसायटीतली मुलं, ऑफिसातले दोघं-तिघं, बहिणीचा मुलगा, सगळ्यांची तक्रार शब्दाला शब्द सारखी: "सीपी तर माझाच जास्त आहे, मग हरतो कसा?" सीपी म्हणजे पोकेमॉनची एकूण ताकद दाखवणारा आकडा. जिम म्हणजे नकाशावरची ती जागा जिथे दुसऱ्यांचे पोकेमॉन राखणीला बसतात (ते डिफेंडर), आणि रेड म्हणजे एका मोठ्या पोकेमॉनशी, बॉसशी, मिळून केलेली लढाई. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय काय होतंय ते आधी बघा.

- तुमचे सहाही पोकेमॉन ३००० च्या पुढे, समोरची ब्लिसी २५०० ची, आणि तरी तिची हिरवी पट्टी अर्ध्यावर असतानाच वेळ संपते.
- मारताना स्क्रीनवर सारखं 'नॉट व्हेरी इफेक्टिव्ह' येतं.
- चार्ज्ड मूव्ह (ऊर्जा साठवून मारायचा मोठा घाव) भरत आली की नेमका तेव्हाच तुमचा पोकेमॉन बेशुद्ध पडतो.
- एक जिम पाडायला दहा-बारा रिवाइव्ह (बेशुद्ध पोकेमॉनला उठवणारी) आणि बॅगेतली सगळी पोशन (जखमा भरणारी) जातात.
- रेडमध्ये सोबत माणसं पुरेशी असतात, तरी शेवटी बॉसची थोडी पट्टी उरतेच.
- डिफेंडर हरतो, पण जिममधून बाहेर जात नाही.
- पट्टी रिकामी होते आणि अचानक परत भरलेली दिसते.

पहिली पाच लक्षणं अटॅकरची आहेत. शेवटच्या दोन लक्षणांत दोष बहुतेक वेळा टीमचा नसतोच, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू. ते तपासायला काहीच खर्च नाही.

आधी हे बघा: दोष खरंच टीममध्ये आहे का?

पूर्ण मोटिव्हेशन (जिममध्ये टिकून राहण्याचा जोर) असलेला डिफेंडर जिमबाहेर काढायला साधारण तीनदा हरवावा लागतो. प्रत्येक हारीनंतर त्याचं मोटिव्हेशन उतरतं आणि सोबत सीपीही. एकदा हरवून तो तिथेच दिसला तर घाबरू नका, जिमची रीतच तशी आहे. तिसऱ्या फेरीतही सीपी पूर्ण दिसत असेल तर पलीकडचं कुणीतरी सोनेरी राझ बेरी भरवतंय. ती एक बेरी मोटिव्हेशन पूर्ण भरते. समोर माणूस जागा असेल तर सगळ्यात उत्तम टीमसुद्धा नुसती पोशन जाळते. अर्ध्या तासाने या.

पट्टी परत भरल्यासारखी दिसणं हा बहुधा नेटचा प्रश्न असतो. तुमच्या फोनवर मारलेले घाव सर्व्हरने धरलेलेच नसतात. वायफायच्या काठावर उभे असाल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. यात दोन मिनिटं जातात आणि पुढची सगळी डोकेदुखी वाचू शकते.

हे नसेल तर पुढे.

तपासणी १: गेमने सुचवलेली टीम तशीच घेताय का?

लढाईआधी सहा पोकेमॉन आपोआप भरून येतात. नव्वद टक्के लोक ते न बघताच पुढे जातात. गेमच्या त्या निवडीत टिकाऊपणाला फार झुकतं माप असतं. माझ्याकडे तर कित्येक महिने कुठल्याही रेडला ॲग्रॉन हजर असायचा. तो पडत नाही हे खरं, पण मारतही नाही. आणि इथे घड्याळ चालू असतं: जिममध्ये एका डिफेंडरसाठी १०० सेकंद, एक आणि तीन ताऱ्यांच्या रेडला १८० सेकंद, पाच ताऱ्यांच्या रेडला ३००. टिकून राहण्याला गुण नाहीत, वेळेत संपवण्याला आहेत.

म्हणून सुचवलेल्या सहांवर एक नजर टाका आणि प्रत्येकाबद्दल विचारा, समोरच्याला याच्या मूव्हचा त्रास होतो का? उत्तर देता येत नसेल तर तो काढा. एकदा बसून पार्ट्या तयार करून ठेवल्या तर हे रोज करावं लागत नाही. मी पार्ट्यांना समोरच्याचीच नावं दिली आहेत: 'ब्लिसी', 'मेटाग्रॉस', 'पाणीवाले', 'ड्रॅगन'. जिमसमोर उभं राहून कुठल्या टाइपला काय चालतं हे आठवत बसण्यापेक्षा नाव बघून पार्टी निवडणं सोपं.

तपासणी २: टाइप

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि तो फुकट आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक पोकेमॉनचे एक किंवा दोन टाइप असतात (आग, पाणी, फाइटिंग वगैरे), आणि प्रत्येक मूव्हचा, म्हणजे हल्ल्याचा, एक. समोरच्याला जड जाणाऱ्या टाइपची मूव्ह १.६ पट लागते. समोरच्याचे दोन टाइप असतील आणि दोघांनाही ती जड जात असेल तर २.५६ पट. उलट ज्याला ती सोसते त्याला ०.६२५ पटच लागते, आणि दुहेरी सोसत असेल तर जेमतेम ०.३९. शिवाय मूव्हचा टाइप आणि मारणाऱ्या पोकेमॉनचा टाइप एकच असेल तर आणखी १.२ पट.

आता माचॅम्पची काउंटर ही फाइटिंगची मूव्ह घ्या. ब्लिसी नॉर्मल टाइपची. १.६ गुणिले १.२, म्हणजे १.९२ पट. हाच माचॅम्प, हीच मूव्ह, पण समोर टोगेकिस: फेअरी आणि फ्लाइंग, दोन्ही फाइटिंग सोसतात. ०.३९ गुणिले १.२, म्हणजे ०.४७. एकाच पोकेमॉनचा एकच ठोसा चौपट हलका झाला, सीपी मात्र तोच. हा हिशेब एकदा मनात बसला की सीपीच्या आकड्याकडे बघण्याची सवय आपोआप सुटते.

जिमवर नेहमी भेटणाऱ्यांपैकी लोक कुठे फसतात ते सांगतो.

मेटाग्रॉस बघितला की सगळे माचॅम्प काढतात, कारण स्टीलवर फाइटिंग चालतं हे पाठ असतं. पण मेटाग्रॉस स्टीलसोबत सायकिकही आहे आणि सायकिक फाइटिंग सोसतो. जड जाणं आणि सोसणं एकमेकांना खाऊन टाकतात, हाती उरतो साधा मार. वर त्याच्या झेन हेडबटसारख्या सायकिक मूव्ह माचॅम्पला आडवा करतात. त्याला आग, जमीन, डार्क किंवा घोस्ट लागतं.

स्लोब्रो पाण्याचा आणि सायकिक. त्याला इलेक्ट्रिक, गवत, कीटक, डार्क, घोस्ट असं बरंच काही चालतं, त्यामुळे त्याच्यासमोर फारसं अडत नाही. ग्याराडोस मात्र पाणी आणि फ्लाइंग आहे. गवताची टीम घेऊन गेलात तर पाण्यावरचा फायदा फ्लाइंग खाऊन टाकतो. इलेक्ट्रिक घ्या, २.५६ पट लागते. टोगेकिसला इलेक्ट्रिक, बर्फ, विष, दगड, स्टील. त्याच्यावर ड्रॅगन चुकूनही नेऊ नका, तिथेही फेअरीमुळे ०.३९ च पडतं.

ब्लिसीबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिच्याच असतात. ती नॉर्मल आहे म्हणून फाइटिंग नेलं की काम झालं असं वाटतं. पण तिच्याकडे झेन हेडबट, सायकिक, डॅझलिंग ग्लीम या मूव्ह असू शकतात. सायकिक आणि फेअरी हे दोन्ही टाइप फाइटिंगला जड जातात. म्हणून माचॅम्प तिला भरभर मारतो, पण स्वतःही भरभर पडतो आणि रिवाइव्ह खर्ची पडतात. इथे लुकारिओ कामाला येतो. तो फाइटिंगसोबत स्टील आहे. स्टील सायकिकही सोसतं आणि फेअरीही, त्यामुळे त्याच्यावर या मूव्ह साध्याच लागतात. तिच्या पाउंड आणि हायपर बीमसारख्या नॉर्मल मूव्ह तर तो सोसूनच जातो. काउंटर आणि ऑरा स्फिअर असलेला लुकारिओ ब्लिसीसाठी माझी पहिली पसंती आहे. मात्र तोच लुकारिओ डोळे मिटून स्नोरलॅक्स किंवा स्लेकिंगवर सोडू नका. त्या दोघांकडे अर्थक्वेक असू शकते, आणि जमिनीची मूव्ह स्टीलवाल्याला फार लागते. अशी मूव्ह येताना दिसली की बोटाने बाजूला सरकवायचं, किंवा तिथे माचॅम्प ठेवायचा.

तपासणी ३: मूव्ह

टाइप बरोबर, पोकेमॉन बरोबर, तरी मार लागत नाही? मग त्या पोकेमॉनवर टॅप करा आणि खाली मूव्ह बघा. पोकेमॉन कुठल्या टाइपचा आहे यावर मार ठरत नाही, तो काय मारतो यावर ठरतो. हे वाचायला सोपं वाटतं, पण दर दुसऱ्या फोनमध्ये मला हीच चूक सापडते.

ऑफिसातल्या एकाने मला त्याचे सहा माचॅम्प अभिमानाने दाखवले. त्यातल्या चौघांची फास्ट मूव्ह, म्हणजे नुसत्या टॅपने मारायचा साधा घाव, बुलेट पंच होती. ती स्टीलची. ब्लिसीवर तिला टाइपचा फायदा नाही आणि माचॅम्प स्टीलचा नसल्यामुळे १.२ पटही नाही. म्हणजे गुणक १. काउंटरवाल्याचा १.९२. निम्म्या जोराने मारत तो महिनाभर लढत होता आणि आपली लेव्हल कमी पडते असं समजून स्टारडस्ट (लेव्हल वाढवायला गेममध्ये मोजावी लागणारी धूळ) ओतत होता.

लढाईत बहुतेक वेळ फास्ट मूव्हच चालते. म्हणून दोन्ही मूव्ह एकाच, कामाच्या टाइपच्या हव्यात. टायरॅनिटार बाइट आणि क्रंच घेऊन आला तर तो डार्कचा अटॅकर, स्मॅक डाउन आणि स्टोन एज घेऊन आला तर दगडाचा. बाइट आणि स्टोन एज अशी खिचडी असेल तर तो धड हाही नाही आणि धड तोही नाही.

चार्ज्ड मूव्हमध्ये पट्ट्या मोजा. फोकस ब्लास्ट किंवा क्लोज कॉम्बॅटला एकच लांब पट्टी आहे, डायनॅमिक पंचला दोन. जिममध्ये एका पट्टीची मूव्ह भरेपर्यंत पोकेमॉन पडला तर तेवढी सगळी ऊर्जा वाया गेली. चार्ज्ड मूव्ह भरत असतानाच मरतो, हे जे लक्षण वर लिहिलं आहे त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

हे सगळं शोधायला एकेक पोकेमॉन उघडायची गरज नाही. शोधपट्टीत ॲटचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजी आकडा एक आणि लगेच टाइपचं इंग्रजी नाव लिहा, म्हणजे त्या टाइपची फास्ट मूव्ह असलेले सगळे समोर येतात. आकडा दोन लिहिला तर चार्ज्ड मूव्हवाले. मध्ये अँडचं चिन्ह टाकून दोन्ही एकदम लिहिता येतात. मी फोन हातात घेतला की पहिल्यांदा हेच करतो. बरेचदा मालकाला विसर पडलेला एखादा उत्तम अटॅकर १८०० सीपीवर तळाशी पडलेला सापडतो.

तपासणी ४: सीपीच्या आकड्यात नक्की काय आहे?

सीपी अगदीच खोटा नाही. त्यात अटॅक पूर्ण धरला जातो, डिफेन्स आणि हेल्थ यांचं वर्गमूळ धरलं जातं, आणि लेव्हलचा गुणक लागतो. पण मूव्ह आणि टाइप त्यात कुठेच नाहीत. दोन उदाहरणं देतो, दोन्ही भाच्याच्या फोनमधली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं संध्याकाळी बागेतल्या जिमपाशी बाकावर बसलो होतो. त्याने स्लेकिंग पुढे केला. "मामा, हा बघ ना, चार हजारांच्या वर! तरी ब्लिसीची वेळ संपते." स्लेकिंगचा सीपी लेव्हल ४० ला ४४०० च्या पुढे जातो आणि त्याचा मूळ अटॅकही खरोखर मोठा आहे, २९०. पण त्याची फास्ट मूव्ह आहे यॉन, जांभई. तिचं डॅमेज शून्य. मी त्याला म्हटलं, "चार्ज्ड मूव्ह दाबू नकोस, नुसतं टॅप करत राहा." वीस सेकंद तो टॅप करत राहिला. ब्लिसीची पट्टी तसूभर हलली नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्याच्या टीममधला दुसरा होता त्याचीच ब्लिसी. ब्लिसीचा सीपी येतो हेल्थमधून. तिचं मूळ हेल्थ ४९६, अटॅक फक्त १२९. माचॅम्पचा अटॅक २३४. ब्लिसी डिफेंडर म्हणून सोन्यासारखी आहे आणि अटॅकर म्हणून १०० सेकंद खाऊन टाकणारी. त्यात जिममधल्या डिफेंडरचं हेल्थ दुप्पट धरलं जातं, हे लक्षात घ्या. ब्लिसीला ब्लिसीने मारायला गेलात तर वेळ संपणारच.

त्याच्याकडे अंड्यातून निघालेल्या रिओलूचा झालेला, १९०० च्या आसपासचा एक लुकारिओ होता, कधी न वापरलेला. तो पहिला लावला, मागे काउंटरवाले माचॅम्प. ती ब्लिसी पाऊण मिनिटाच्या आत गेली. एक रुपयाही खर्च नाही, चिमूटभर स्टारडस्ट नाही.

ज्यांनी सुरुवातीचे दिवस बघितलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. जून २०१७ पर्यंत जिमची रचनाच वेगळी होती. आपल्याच रंगाच्या जिमवर आपल्याच माणसांशी लढून, म्हणजे ट्रेनिंग करून, जिमची प्रेस्टिज (जिमचे गुण) वाढवावी लागे आणि मगच आपल्याला जागा मिळे. त्यात आपला सीपी समोरच्यापेक्षा जितका कमी तितकी प्रेस्टिज जास्त. समोरच्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी सीपीच्या पोकेमॉनने जिंकलात तर एका विजयाला १००० पर्यंत. मोठ्या सीपीने जिंकलं तर हातात थोडंच पडे. त्यामुळे तेव्हा आम्ही मुद्दाम लहान सीपीचे, पण टाइप आणि मूव्ह अचूक जुळणारे अटॅकर जपून ठेवायचो. ३००० च्या स्नोरलॅक्सला १५०० च्या माचॅम्पने, फाइटिंगच्या मूव्हने आणि वेळेवर सरकून हरवणं हा रोजचा सराव होता. ती पद्धत गेली, पण तेव्हा लागलेली नजर आजही उपयोगी पडते.

तपासणी ५: हवामान

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त वर कोपऱ्यातलं चिन्ह बघायचं. गेममधलं हवामान ज्या टाइपला साथ देतं, त्याच्या मूव्ह १.२ पट होतात. पूर्ण ढगाळ असेल तर फाइटिंग, फेअरी आणि विष. म्हणजे ब्लिसीवरचा १.९२ थेट २.३ वर जातो, पण तिची डॅझलिंग ग्लीमही तितकीच वाढते. अंशतः ढगाळ हे वेगळं चिन्ह आहे, त्यात नॉर्मल आणि दगड वाढतात. दोन्हींत गल्लत होते, नीट बघा. उन्हात आग, गवत, जमीन. धुक्यात डार्क आणि घोस्ट. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे गेममध्येही पावसाचं चिन्ह वारंवार येतं, तेव्हा पाणी, इलेक्ट्रिक आणि कीटक जोरात असतात. ग्याराडोस आणि स्लोब्रो बसलेल्या जिमा मी याच दिवसांत काढतो.

इथपर्यंतच्या सगळ्या तपासण्या फुकट होत्या. माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ तक्रारी इथेच मिटतात. खालच्या तपासण्यांना काहीतरी मोजावं लागतं, म्हणून वरचं सगळं झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

तपासणी ६: टीएम

टीएम म्हणजे पोकेमॉनची मूव्ह बदलून देणारी वस्तू. फास्ट मूव्ह चुकली असेल तर फास्ट टीएम, चार्ज्ड चुकली असेल तर चार्ज्ड टीएम. साध्या टीएमने कुठली मूव्ह येईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून त्या पोकेमॉनच्या एकूण मूव्ह किती आहेत ते आधी बघा. दोनच असतील तर टीएम हमखास लागू पडतो. चार-पाच असतील तर तीन-चार टीएम जायची तयारी ठेवा. एलिट टीएमने मूव्ह निवडता येते, पण ते सहज मिळत नाहीत. जी मूव्ह फक्त कम्युनिटी डेला (गेमच्या खास इव्हेंटच्या दिवशी) मिळते तिच्यासाठीच ते राखून ठेवा. साध्या टीएमने मिळणाऱ्या मूव्हवर एलिट टीएम घालवलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं.

शॅडो पोकेमॉनवर, म्हणजे टीम रॉकेटकडून सोडवलेल्यावर, फ्रस्ट्रेशन ही कमजोर मूव्ह असेल तर ती चार्ज्ड टीएमने एरवी जात नाही. टीम रॉकेटचे काही ठरावीक इव्हेंट असतात, तेव्हाच ती काढता येते. तोवर थांबा, वैतागून प्युरिफाय करू नका, म्हणजे त्याचं शॅडोपण काढून टाकू नका. शॅडोचा अटॅक १.२ पट असतो. डिफेन्स कमी होतो, पण अटॅकर म्हणून तो सौदा बहुतेक वेळा फायद्याचा. प्युरिफाय केलं की ती वाढ कायमची गेली.

दुसरी चार्ज्ड मूव्ह उघडू नका, निदान जिमसाठी तरी. माचॅम्पला ती उघडायला ५०,००० स्टारडस्ट आणि ५० कँडी लागतात. जिममध्ये तिचा उपयोग जवळजवळ नाही.

तपासणी ७: लेव्हल आणि स्टारडस्ट

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून मी ती मुद्दाम इतकी खाली ठेवली आहे.

एक पोकेमॉन लेव्हल २० वरून ३० ला न्यायला ७५,००० स्टारडस्ट लागते आणि त्याचा मार साधारण २२ टक्क्यांनी वाढतो. तोच ३० वरून ४० ला न्यायला १,५०,००० लागते आणि मार वाढतो फक्त ८ टक्के. दुप्पट पैसे, तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त माल. त्यापुढे ५० पर्यंत जायला एक्सएल कँडीही लागते. एकाला २० वरून ४० ला नेण्याच्या खर्चात तिघं ३० वर येतात. जिम आणि रेडसाठी ३० वरचे सहा हे ४० वरच्या दोघांपेक्षा केव्हाही चांगले, कारण ४० वरचे दोघं पडल्यावर पुढे कोण?

रेडमध्ये पकडलेला पोकेमॉन २० लेव्हलचा असतो, हवामानाची साथ असेल तर २५ चा. २५ चा मिळाला तर ३० पर्यंतचा साधारण ४० टक्के खर्च आधीच वाचला.

आयव्हीच्या, म्हणजे प्रत्येक पोकेमॉनला जन्मजात मिळणाऱ्या ० ते १५ जादा गुणांच्या, मागे लागू नका. माचॅम्पच्या अटॅकची आयव्ही १५ असेल तर २३४ चे २४९ होतात, १० असेल तर २४४. फरक दोन टक्क्यांचा. आयव्हीचे तीन तारे नाहीत म्हणून योग्य मूव्हचा माचॅम्प ट्रान्सफर करून, म्हणजे कायमचा सोडून, टाकणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांना मी हाच हिशेब पाठीवर हात ठेवून करून दाखवतो.

तपासणी ८: लढायची पद्धत

वरचं सगळं जुळलं तरी पोशन फार जात असतील तर हे करून बघा. जिममध्ये सहा वेगवेगळ्या डिफेंडरसाठी एकच पार्टी नेऊ नका. एकाला हरवलं की बाहेर पडा, पुढच्यासाठी वेगळी पार्टी घेऊन पुन्हा आत या. हरवलेल्याचं मोटिव्हेशन तेवढं उतरलेलंच राहतं. आणि समोरच्याची चार्ज्ड मूव्ह येतानाच सरका, प्रत्येक साध्या ठोशाला सरकत बसलात तर तुमचं मारणंच थांबतं.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पाच ताऱ्यांची रेड एकट्याने होत नसेल तर तो टीमचा दोष धरू नका. बॉसचं हेल्थ १५,००० आणि वेळ ३०० सेकंद, म्हणजे दर सेकंदाला ५० डॅमेज हवं. चांगला, योग्य टाइपचा अटॅकर ढोबळमानाने १५ ते २० देतो. हिशेबच बसत नाही. स्टारडस्ट ओतू नका, आणखी माणसं बोलवा. तीन ताऱ्यांच्या रेडला ३,६०० आणि १८० सेकंद, म्हणजे सेकंदाला २०. ते एकट्याने जमण्यासारखं आहे. तिथे हरत असाल तर तपासणी २ आणि ३ पुन्हा करा.

दोन वेगवेगळ्या नेटवर्कवर, गेम पुन्हा उघडूनही त्याच जिमवर तोच एरर येत असेल, मिळालेली नाणी जमा होत नसतील किंवा खात्यात शिरता येत नसेल, तर स्वतः काही करू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि गेमच्या सेटिंगमधल्या मदत विभागातून कळवा. "खातं दे, मी करून देतो" म्हणणाऱ्याला, तो कितीही ओळखीचा असला तरी, पासवर्ड देऊ नका. लोकेशन फसवणारी ॲप तर मुळीच नकोत, खातं कायमचं बंद होऊ शकतं.

खेळताना फोन हातात धरवत नाही इतका तापत असेल तर लढाई अर्धवट सोडा, चार्जिंगची वायर काढा आणि तो सावलीत थंड होऊ द्या. मागचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी फोन बंद करा. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, स्वतः उघडू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. मुलांच्या फोनचं मागचं झाकण मोठ्यांनीच अधूनमधून हात फिरवून बघावं. जिम दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.